श्रावणीची हलती दाढ

तुमच्या मुलाची एखादी दाढ वेळेआधी हलायला लागली असेल, त्या बाजूचा गाल दुसऱ्या गालापेक्षा गरम लागत असेल, हिरडीतून कारण नसताना रक्त येत असेल, तर हे लिखाण बाजूला ठेवा. आधी मुलाला डॉक्टरांकडे न्या. दाढ काढायच्या आधी त्यांना सगळं सांगा, जे सांगायला लाज वाटते तेसुद्धा. मी ते सांगितलं नव्हतं. म्हणूनच हे लिहायला बसलो आहे.

मी नेवासा तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. आमच्या घरात पदवी मिळवलेला मी पहिलाच. डॉक्टर नाही, त्यामुळे आजाराचं शास्त्र मी सांगणार नाही. माझ्या मुलीच्या जबड्याच्या हाडात जन्मापासून रक्तवाहिन्यांचा एक गुंता होता. तो आहे हे आम्हाला ती आठ वर्षांची होईपर्यंत कळलं नाही. कळल्यानंतर आम्ही काय केलं आणि कसे राहिलो, तेवढंच माझ्याकडे सांगण्यासारखं आहे.

ऊस

आमच्या भागात मुलांचे दुधाचे दात कोणी ओढून काढत बसत नाही. दात हलायला लागला की पोराच्या हातात उसाचं कांडं देतात. पोरगं ऊस सोलतं, चावतं, आणि दात केव्हा चोथ्याबरोबर निघून गेला ते त्याला कळतही नाही. माझे निम्मे दात असेच गेले आहेत.

त्या दिवशी श्रावणी म्हणाली, "बाबा, माझी मागची दाढ हलतेय." खालची, उजवीकडची. उसाचा हंगाम चालू होता आणि घरात ऊस होताच. मी विळ्याने एक कांडं तोडून तिला दिलं आणि वर्तमानपत्र उघडलं.

आधी वाटलं, तोंडातून रस गळतोय. मग फ्रॉकचा पुढचा भाग लाल झालेला दिसला. दाढ जागेवरच होती, पण तिच्या कडेने रक्त येत होतं, आणि ते पाझरत नव्हतं, उसळ्या मारत येत होतं. वैशालीने, माझ्या बायकोने, दोरीवरचा टॉवेल ओढून तिच्या तोंडात कोंबला आणि तो घट्ट दाबून धरला. पंधरा मिनिटांनी रक्त थांबलं. टॉवेल बादलीत टाकला तेव्हा सगळं पाणी लाल झालं.

"अहो, दाताला एवढं रक्त येतं का?" वैशालीने विचारलं.

"थुंकीत मिसळतं ना, म्हणून जास्त दिसतं," मी म्हणालो. हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. घरात कोणी काही विचारलं की उत्तर द्यायचं, ही मला सवयच लागली आहे. शिकलेला मीच ना.

तात्यांचं बोट

माझे वडील, तात्या, आमच्याबरोबरच राहतात. आई जाऊन सहा वर्षं झाली. तात्यांनी जन्मभर घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात माणसांना गाई-बैल पारखून दिले. आजही कोणाला गाय घ्यायची असली की सकाळीच फोन येतो, "तात्या, जरा तोंड बघायला या की." तात्या जातात, जनावराचा ओठ वर करतात, आणि दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेलं, म्हणजे सगळे दात येऊन पुऱ्या वयाचं झालेलं आहे, ते सांगतात. विकणारा जे वय सांगतो त्यात तात्या नेहमी दोन वर्षं मिळवतात. शाळेत वहीवर वडिलांचा व्यवसाय लिहायची वेळ आली की मी 'शेती' लिहायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी श्रावणीला ओसरीवर समोर बसवलं. हात धुतले आणि तिच्या तोंडात बोट घातलं. दुसऱ्या हाताचं बोट जबड्याच्या खालच्या कडेला लावलं. बराच वेळ ते तसेच बसले. श्रावणीला हसू यायला लागलं.

"हिच्या दाढंखाली नाडी लागतीय," ते म्हणाले.

"नाडी सगळीकडेच असते, तात्या."

"तशी न्हाई. गुराची नाडी जबड्याच्या कडंलाच बघत्यात, माझ्या बोटाला ती म्हाईत हाय. हे येगळं हाय. मोटर चालू असल्यावर पाइपाला हात लावला की कसं लागतं, तसं आत सुरसुरतंय. गाल बी गरम हाय. ह्या दाढंला हात नको लावू देऊ कुनाला."

"तात्या, ती काय कालवड हाय का?"

मी हे हसत म्हणालो. तात्यांनी बोट धोतराला पुसलं आणि ते गोठ्याकडे गेले.

खुर्ची

नेवाशाच्या दातांच्या डॉक्टर मॅडम वयाने लहान, पण कामाला काळजीपूर्वक आहेत. पहिल्या भेटीत त्यांनी दाढेचा छोटा एक्स-रे काढला. मुळाशी काळसर दिसत होतं. "ही दाढ दहाव्या-अकराव्या वर्षी पडते. आत्ताच कशी हलतेय?" असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. आत पू झाला असेल अशा अंदाजाने त्यांनी पाच दिवसांची औषधं दिली आणि नंतर दाढ काढू म्हणाल्या.

पाच दिवसांनी आम्ही चौघं गेलो. तात्या स्वतःहून आले. "मला बाजारात जायचंच हाय," म्हणाले. बाजार त्या दिवशी नव्हता.

श्रावणी खुर्चीत आडवी झाली. वर दिवा लागला. मॅडमनी हातमोजे घातले, सुई भरली, आणि विचारलं, "याआधी या दाढेतून कधी रक्त आलं होतं का?"

आता खरं काय ते लिहितो. मला तेव्हा टॉवेल आठवला, बादलीतलं पाणी आठवलं. पण त्याबरोबर ऊसही आठवला. दाढ हलत असलेल्या मुलीला मी ऊस दिला होता हे मॅडमना सांगायचं मला जिवावर आलं. मी येताना इस्त्रीचा शर्ट घालून आलो होतो. आपण अडाणी घरातले आहोत असं त्यांना वाटू नये, एवढीच माझी इच्छा होती.

"हो, थोडंसं," मी म्हणालो.

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. ती काही बोलणार तेवढ्यात दारातून आवाज आला. तात्या चपला हातात घेऊन उंबऱ्यात उभे होते.

"म्याडम, थोडंसं न्हाई. टॉवेल भिजला हुता."

मॅडम थांबल्या. "कधी?"

"आठ दिस झालं. ऊस खाताना. आनि म्याडम, मी काय शिकलेला न्हाई, गुरांची तोंडं बघनारा मानूस हाय. पर तिच्या दाढंखाली लई जोरात नाडी लागतीय. तुमी एकदा बोट लावून बघा. नसंल तर काढा खुशाल."

मला घाम फुटला. तो तात्यांच्या बोलण्याची लाज वाटून फुटला होता, हेही लिहितो.

मॅडमनी सुई खाली ठेवली. जबड्याखाली बोट लावलं, मग हिरडीवर लावलं, मग दाढ अगदी हळू खाली दाबून पाहिली. दाढ आत गेली आणि आपोआप वर आली. रक्तदाब मोजायच्या यंत्राबरोबरची स्टेथोस्कोपची नळी कानात घालून त्यांनी तिचं टोक श्रावणीच्या गालावर टेकवलं. नंतर ती माझ्या कानात दिली. आत सूं-सूं असा आवाज येत होता, ठोक्याठोक्याला, जोरात. माझ्या मुलीच्या गालातून असा आवाज येतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

मॅडम स्टुलावर बसल्या. त्या पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "ही दाढ मी आत्ता काढली असती तर रक्त मला थांबवता आलं नसतं. इथून नगरला पोहोचेपर्यंत..."

मग तात्यांकडे वळून त्या म्हणाल्या, "आजोबा, आत येऊन बसा ना. दारात का उभे?"

"चपला मळल्यात," तात्या म्हणाले.

दोन दिवस

मॅडमनी पुण्यातल्या त्यांच्या सरांना तिथूनच फोन लावला. दोन दिवसांनी सकाळी या, असं ठरलं. आम्हाला त्यांनी कागदावर लिहून दिलं: काही कडक खायचं नाही, त्या बाजूला ब्रश नाही, बोट नाही, उड्या नाहीत. रक्त आलंच तर कापडाची घडी करून बोटाने दाबायची आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सोडायची नाही. 'कितीही वेळ लागला तरी' या शब्दांखाली त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या.

घरी येताना वैशाली गाडीत एकच शब्द बोलली. "थोडंसं?" त्यानंतर तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

ते दोन दिवस कसे गेले ते सांगायला मला नीट शब्द सापडत नाहीत. घरात एक दाढ होती, ती सैल होती, आणि ती पडता कामा नये. सगळं घर त्या दाढेभोवती फिरत होतं. वैशालीने भात, वरण, भाजी, सगळं मिक्सरमधून काढलं. श्रावणीने पहिल्याच दिवशी वाटी ढकलली.

"मी काय बाळ आहे का? हे तर गाईचं अंबोण आहे!"

"गाईला अंबोण आवडतं," तात्या म्हणाले. "गाय तुज्यापेक्षा शहानी."

सगळ्यात मोठी भीती तिच्या जिभेची होती. हलत्या दाताला जीभ लावू नको हे कोणत्या मुलाला जमलं आहे? तात्या दिवसभर तिच्यासमोर बसून राहिले. बाजारातल्या गमती सांगायचे. एका गड्याने म्हातारी गाय तरणी म्हणून विकायला आणली आणि गिऱ्हाइकाने तोंड उघडायला सांगितल्यावर "ती आज बोलत न्हाई" म्हणाला, तशा. सांगता सांगता मध्येच ओरडायचे, "जीभ आत!" श्रावणी दचकून ओठ मिटायची. मी बाजूच्या खोलीत बसून ऐकत होतो. ती जोरात हसली की मी उठून दारातून तिच्या तोंडाकडे बघून येत होतो. हसू नको, हे मुलीला कसं सांगणार?

पुण्याला जाताना मित्राची गाडी घेतली. वाटेत जिथे जिथे गतिरोधक आला तिथे वैशालीने तळहात श्रावणीच्या हनुवटीखाली धरला. तात्या गुरांसाठी घरी थांबले.

नळीचे डॉक्टर

पुण्याच्या इस्पितळात तपासणी झाली, सीटी स्कॅन झाला, आणि त्याच दिवशी तिला दाखल करून घेतलं. दोन डॉक्टर आमच्याशी बोलले. एक जबड्याचे सर्जन, मॅडमचे सर. दुसरे मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालून थेट जबड्यातल्या रक्तवाहिनीपर्यंत पोहोचणारे. वॉर्डात सगळे त्यांना 'नळीचे डॉक्टर' म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो.

त्यांनी मला विचारलं, "गावाकडे ठिबक आहे का?"

"आहे."

"मेन लाइनमधून पाणी बारीक नळ्यांत जातं, तिथून थेंब थेंब झाडाला मिळतं. बरोबर? तुमच्या मुलीच्या जबड्यात एका जागी बारीक नळ्याच नाहीत. मेन लाइन थेट बाहेर जाणाऱ्या पाइपाला जोडली गेली आहे. सगळा दाब हाडात. दाढ त्यावर बुचासारखी बसली आहे." मग ते म्हणाले, आधी आतून तो गुंता बंद करू, आणि मगच दोन-तीन दिवसांनी दाढ काढू. उलट क्रम चालणार नाही.

धोकेही त्यांनी सांगितले. औषध भलत्या शिरेत गेलं तर काय होऊ शकतं, ते ऐकताना मी मान हलवत होतो. कागदावर सही करताना माझं नाव मला दोनदा लिहावं लागलं, पहिल्यांदा एक अक्षर राहिलं.

त्या संध्याकाळी मी तात्यांना फोनवर पाण्याचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"मग वॉल्व कुठं बसवनार?"

"आतूनच बंद करणार आहेत. एक चिकट औषध असतं, ते तिथे जाऊन घट्ट होतं."

"आनि आजूबाजूच्या झाडांचं पानी तुटलं तर?"

नळीचे डॉक्टर अर्धा तास मला जे सांगत होते ते हेच होतं. मी म्हणालो, "त्याचीच भीती आहे, तात्या."

सर्दी

प्रक्रिया तिसऱ्या दिवशी ठरली होती. दुसऱ्या दिवशी श्रावणीचं नाक वाहायला लागलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि मान हलवली. चार-पाच दिवस थांबावं लागेल, असं ते म्हणाले.

आजारपणात माणूस मोठ्या गोष्टींची तयारी करून ठेवतो आणि साध्या सर्दीने कोसळतो. मी जिन्यात जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो.

वॉर्डातले दिवस एका चालीने जायचे. सहा वाजता झाडू, सात वाजता चहा, आठला नर्स, दहाला डॉक्टरांची फेरी. शेजारच्या खाटेवर पारनेरकडची एक बाई तिच्या मुलाला घेऊन होती. ती रोज वैशालीला विचारायची, "ताई, आज काय म्हनले?" आणि उत्तर काहीही असलं तरी म्हणायची, "म्हंजी बरं हाय." त्या तीन शब्दांचा आम्हाला किती आधार झाला ते त्या बाईला माहीत नसेल. सिस्टर श्रावणीला 'सरपंच' म्हणायच्या, कारण ती खाटेवर मांडी घालून सगळ्यांची चौकशी करायची. वैशाली आणि मी आळीपाळीने खाटेशी बसायचो. बसणाऱ्याने नजर हलवायची नाही, हा आमचा नियम होता. खिशात कापडाची घडी दोघांच्याही असायची.

चौथ्या दिवशी सकाळी मी खाली औषधं आणायला गेलो होतो. वर आलो तर खाटेभोवती पडदा ओढलेला.

श्रावणीला शिंक आली होती. एवढंच.

पडद्याच्या आत वैशाली गुडघ्यावर होती. उजव्या हाताचं बोट मुलीच्या तोंडात, डावा हात डोक्यामागे. रक्त तिच्या कोपरापर्यंत ओघळलं होतं. सिस्टर म्हणत होत्या, "ताई, मी धरते, तुम्ही सोडा." वैशाली सोडत नव्हती. शेवटी सिस्टरांनीच तिच्या बोटावर आपलं बोट ठेवलं, आणि दोघींनी मिळून दाबून धरलं. खाट तशीच ढकलत नेली. वैशाली खाटेबरोबर वाकून चालत होती. श्रावणीचे डोळे उघडे होते. ते माझ्यावर होते. मी "काही नाही बाळा, काही नाही" म्हणत राहिलो. मला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता.

सर्दी असूनही भूल द्यावी लागली. थांबण्याचा प्रश्नच उरला नव्हता. दार बंद झालं तेव्हा वैशाली बाहेर आली आणि बाकावर बसली. तिच्या बोटावर दातांचे खोल वळ उठले होते. मी तिचा हात हातात घेतला. मला वाटलं ती काढून घेईल.

"तात्या बोलले नसते तर," ती म्हणाली, "हे नेवाशाच्या खुर्चीत झालं असतं."

"हो."

"तुम्हाला तेव्हा कशाची लाज वाटली?"

मी सांगितलं. उसाची, शर्टाची, तात्यांच्या व्यवसायाची. सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, पण हात तसाच राहू दिला.

आम्ही तिथे साडेचार तास बसलो. त्यातलं मला फक्त समोरच्या फरशीवरची एक चीर आठवते. नळीचे डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या अंगावर जड एप्रन होता आणि ते घामाने भिजले होते. "मुख्य भाग बंद झालाय," ते म्हणाले. "रक्त थांबलंय. डोळे, चेहरा, हातपाय, उद्या सकाळपर्यंत बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला हात हलव म्हटलं, तिने हलवला. दोन्ही डोळे मीट म्हटलं, मिटले. हास म्हटलं तर तिने सुजलेल्या तोंडाने मान वळवली. सिस्टर म्हणाल्या, "सरपंच नाराज आहेत." वैशाली तिथेच रडायला लागली.

दाढ तीन दिवसांनी ऑपरेशन थिएटरमध्ये काढली. रक्ताच्या पिशव्या तयार ठेवल्या होत्या. त्यांतली एकही लागली नाही, हे सर्जननी बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी दोन्ही हातांनी मला वर उठवलं आणि म्हणाले, "नेवाशाच्या मॅडमना फोन करा. त्या रोज मला विचारतायत."

तात्या

तात्या त्या आठवड्यात एकदाच पुण्याला आले. एसटीने, डब्यात मऊ खिचडी घेऊन. शेजाऱ्याच्या ताब्यात गुरं देऊन आले होते. श्रावणीचा गाल तेव्हा इतका सुजला होता की एक डोळा अर्धा मिटलेला. तिने आरशात बघायला नकार दिला होता. तात्या तिच्यासमोर बसले, निरखून बघितलं आणि म्हणाले, "आता तू जुळलेली दिसतीस." ती पहिल्यांदा हसली.

खाली चहाच्या गाडीवर मी त्यांना म्हणालो, "तात्या, चुकलं माझं. तुम्ही सांगितलं होतं."

त्यांनी बशीतला चहा संपवला. "तू न्हेलं म्हनून म्याडमपर्यंत आलो. मी एकला असतो तर माझ्या बोटाचं कोन ऐकनार हुतं? त्यांना इंग्रजीत फोन लावता आला म्हनून पोरगी पुन्याला आली. शिकलेलं लागतंच." मग बशी खाली ठेवून म्हणाले, "पर शिकलेल्यानं इचारल्यावर खरं सांगावं. गाय इकनारा बी दात लपवतो, म्हनून तर मला बोलवत्यात."

हे मला त्यांनी ज्या साध्या सुरात सांगितलं, त्या सुरात आजवर कोणत्याही शिक्षकाने काही सांगितलेलं नाही. चहा आम्ही दुसरा घेतला.

घरी

हा आजार ताप उतरावा तसा उतरत नाही. पाच महिन्यांनी नळीची प्रक्रिया पुन्हा एकदा करावी लागली, राहिलेल्या छोट्या भागासाठी. खालच्या ओठाला उजवीकडे बरेच दिवस बधिरपणा होता. श्रावणी जेवताना ओठावर भाताचं शीत राहायचं आणि तिला कळायचं नाही, शाळेत मुलं चिडवायची. आता तो बराच कमी झाला आहे. शेवटच्या तपासणीत स्कॅन स्वच्छ होता. तरी वाढीच्या वयात गुंता पुन्हा तयार होऊ शकतो, म्हणून दर वर्षी जायचं आहे. ती तारीख जवळ आली की आमच्या घरात मिक्सरचा आवाजही कोणाला सहन होत नाही.

ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांना एक सांगतो. मुलाशी खोटं बोलू नका. आम्ही पहिले दिवस 'काही नाही' म्हणत होतो आणि ती आमच्या चेहऱ्यावरून सगळं ओळखत होती. नळीच्या डॉक्टरांनी तिला चित्र काढून दाखवलं, त्यानंतरच ती शांत झाली. आणि घरातल्या कोणाला काही वेगळं जाणवलं असेल, तर सांगणारा कोण आहे हे न बघता ते डॉक्टरांपर्यंत पोहोचवा. तपासून सोडून देणं त्यांचं काम आहे. आपण आधीच गाळून सांगू नये.

पुण्याच्या सर्जननी दुसऱ्या तपासणीतच सांगितलं होतं की बाकीचे दात नेहमीसारखे आहेत. हलतील, पडतील, पडू द्या. आम्ही तिघांनी माना डोलावल्या. घरी आल्यावर मात्र वरचा डावा दात हलतोय असं श्रावणी म्हणाली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी ताटं बाजूला सारली. मी फोटो काढून सरांना पाठवला. 'नॉर्मल' असं उत्तर आलं. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच आलं.

गेल्या महिन्यात दुपारी शाळेतून फोन आला. "श्रावणीचा दात पडलाय. तिने तुम्हाला बोलवायला सांगितलंय." मी प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या तशाच टाकून मोटारसायकलवर निघालो. हेल्मेट घालायचं राहिलं. खिशात कापडाची घडी होती. ती अजून असते.

शाळेच्या व्हरांड्यात ती पायरीवर बसली होती. एका हातात कागदात गुंडाळलेला दात, दुसऱ्या हातात रुमाल. मी न बोलता रुमाल घेतला आणि उलगडला. एक डाग होता, बोराएवढा. मी तिचं तोंड उघडायला लावलं, बोट लावलं. खड्ड्यात गुठळी बसलेली होती. ठोका नव्हता. तरी मी घड्याळ काढलं.

"दहा मिनिटं बसायचं," मी म्हणालो.

"बाबा, सर म्हणाले ना पडू द्या म्हणून?"

"म्हणाले. तरी बसायचं."

ती बसली. मैदानात खो-खो चालू होता आणि तिची पाळी येणार होती. सहा मिनिटं झाली तेव्हा कोणीतरी तिचं नाव घेऊन ओरडलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, दात माझ्या हातात दिला आणि पळाली.

उरलेली चार मिनिटं मी एकटाच तिथे बसून राहिलो.